चेक आईच्या नावाचा, खातं कुणाचं?

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांची, पुण्यात एका शाळेत शिकवते. आई ७४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी राहायची. जानेवारीत तिच्या माहेरची जमीन विकली गेली. खरेदीखतावर दोन्ही मामांबरोबर आईचीही सही झाली आणि खरेदीदारानं तिघांना वेगवेगळे चेक दिले. आईचा चेक ३ लाख ४० हजारांचा, ९ जानेवारीचा, अकाउंट पेयी. पुढं सहाच दिवसांनी, किंक्रांतीला, आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता ती माझ्याकडे अंथरुणावर आहे. डोकं अगदी शाबूत आहे, पण हात थरथरतो, सही जमत नाही. ऑपरेशनला माझे २ लाख १५ हजार गेले. आईच म्हणाली, 'त्या चेकातनं तुझं आधी घे.'

शेजाऱ्यांनी सांगितलं, मागे आईचा अंगठा घ्या आणि तुमच्या खात्यात टाका. मी तसंच करून, माझा खाते नंबर लिहून चेक पेटीत टाकला. चार दिवसांनी बँकेनं तो क्लिअरिंगला न पाठवताच परत दिला. आईचं तालुक्याच्या बँकेत जुनं खातं आहे, पण चार वर्षांत त्याला हात लागलेला नाही. गावच्या पतसंस्थेतही खातं आहे. भाऊ म्हणतो, चेक इकडे पाठव, मी पतसंस्थेत टाकतो. धाकटे मामा म्हणतात, चेक मला दे, मी माझ्या खात्यात भरून तुला रोख देतो. यजमान म्हणतात, खरेदीदाराकडून तुझ्याच नावाचा दुसरा चेक घे. आणखी एक अडचण अशी की चेकवर आईच्या नावापुढं 'बाई' आहे, आधारवर आणि पासबुकात नाही. मी आईचे पैसे खाणारी नाही हो. पण बँकेत त्या माणसानं असं बघितलं की घरी येऊन रडले. काय करू?

उत्तर

ताई,

बँकेतल्या नजरेचं आधी बोलू, कारण तुमच्या पत्रात खरं दुखणं तिथं आहे. मी ३४ वर्षं बँकेत काढली. त्यातली निम्मी काउंटरच्या आतल्या बाजूला, आणि त्यातलीही बरीच सातारा-सांगलीकडच्या शाखांत. आईचा, सासऱ्यांचा, आजीचा चेक स्वतःच्या खात्यात भरायला आलेली माणसं मी रोज बघत होतो. त्यातली बहुतेक तुमच्यासारखीच असायची. घरात आजारी माणूस, हातात चेक, आणि डोक्यात औषधांचा हिशोब. तुम्ही चोरी केलेली नाही. तुम्हाला चुकीची वाट दाखवली गेली आणि तुम्ही ती उघडपणे, पेटीत चेक टाकून चालून बघितली. लपवायचं असतं तर तुम्ही हे पत्रच लिहिलं नसतं.

पण त्या माणसानं चेक परत दिला, ते मात्र बरोबर केलं. का ते समजलं की पुढचं सगळं सोपं होईल.

चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा असतात. नुसत्या रेघा असल्या की अर्थ एवढाच, की पैसे काउंटरवर रोख मिळणार नाहीत, खात्यातच जातील. ही व्यवस्था १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधली आहे. त्या कायद्याप्रमाणे चेक मागे सही करून दुसऱ्याच्या हवाली करता येतो. बँकेत त्याला एंडॉर्समेंट म्हणतात. पूर्वी व्यापारी पेठांत असे चेक हातोहात फिरायचे, आणि शेजाऱ्यांचा सल्ला त्या काळातला आहे. रेघांमध्ये 'अकाउंट पेयी' हे दोन शब्द आले की मात्र ही वाट बंद होते. ज्याचं नाव चेकवर आहे त्याच्याखेरीज कुणाच्याही खात्यात असा चेक गोळा करू नका, असा रिझर्व्ह बँकेचा सर्व बँकांना आदेश आहे. बँकेनं तो मोडला आणि उद्या तक्रार आली, तर कायद्यानं बँकेला मिळणारं संरक्षण जातं आणि रक्कम तिच्या अंगावर येते. म्हणून मागे आईचा अंगठा असो, सही असो, शेजारी दोन साक्षीदार असोत, तो चेक तुमच्या खात्यात जाणार नाही. लेक असण्यानसण्याचा त्यात प्रश्नच नाही. सख्ख्या नवऱ्याचा चेकसुद्धा बायकोच्या एकटीच्या खात्यात जात नाही.

आणि हा नियम तुमच्या आईच्या बाजूचा आहे. वाटण्या झाल्या की बाईचा वाटा कुणाच्या तरी खात्यात 'तात्पुरता' ठेवायचा आणि मग तो तिथंच मुरायचा, हे मी इतक्या घरांत बघितलंय की त्या दोन शब्दांबद्दल मला मनापासून आदर आहे. माहेरच्या जमिनीत लेकीला मुलाच्या बरोबरीचा हक्क देशभर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं आला, आणि लग्न कधी झालं, वडील तेव्हा हयात होते की नव्हते, यावर तो अडत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. तरीही हक्कसोडपत्रावर सही करून साडीचोळी घेऊन परतणाऱ्या बहिणी आजही कमी नाहीत. तुमच्या मामांनी बहिणीला वेगळा चेक मिळू दिला. ही मोठी गोष्ट आहे. ती अर्ध्यावर सोडू नका.

एका दुपारची गोष्ट सांगतो. कालव्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा चेक घेऊन एक म्हातारी आली होती. दोन बाजूंना दोन मुलगे. दोघांचंही म्हणणं, माझ्या खात्यात टाका. मी म्हटलं, चेक मावशींच्या नावाचा आहे, खातं मावशींचं उघडू. त्याच दिवशी उघडलं. आठवड्यानं पासबुक भरून दिलं तेव्हा तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'ह्ये माझंच नाव हाय न्हवं?' मी हो म्हटलं. ती पासबुक पदराखाली धरून बाकावर बराच वेळ बसून राहिली. मुलगे बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होते.

तर ताई, पैसे आईच्याच खात्यात जाऊ देत. तुमचे २ लाख १५ हजार तिथून तुमच्याकडे येतील, आणि ते कसे, तेही सांगतो.

अनेकांना एक साधी गोष्ट माहीत नसते, म्हणून ती आधी. चेक भरायला खातेदारानं जावं लागत नाही. आईच्या खात्यात चेक तुम्ही भरू शकता, तुमचे यजमान भरू शकतात, शेजारीसुद्धा भरू शकतात. मागे आईची सही किंवा अंगठाही लागत नाही. स्लिपवर आईचं नाव, आईचा खाते नंबर, आणि चेकच्या मागे तोच नंबर आणि एक मोबाइल नंबर, बस. तालुक्याच्या त्या शाखेतही जायला नको. त्याच बँकेची पुण्यातली कुठलीही शाखा चेक घेईल. पेटीत टाकू नका. काउंटरवर द्या आणि पोचपावतीवर शिक्का मागा. काउंटरवर दिलेल्या चेकची पोच नाकारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलेलं आहे. एवढ्या रकमेच्या चेकला कागदाचा पुरावा हातात हवाच.

चेक आता पुन्हा एकदा नीट बघा. तुमच्या बँकेनं तो क्लिअरिंगला पाठवला नाही हे तुमचं नशीब, पण पेटीतून काढल्यावर त्यांनी त्यावर आपला रेखांकनाचा, म्हणजे रेघांमध्ये बँकेचं नाव असलेला, शिक्का मारला असण्याची शक्यता आहे. एका बँकेचा शिक्का असलेला चेक दुसरी बँक घेत नाही. शिक्का असेल तर त्याच शाखेत जाऊन 'आमचा शिक्का रद्द' अशी नोंद आणि अधिकाऱ्याची सही घ्या. मागे तुम्ही लिहिलेल्या तुमच्या खाते नंबराबद्दलही तिथंच विचारा आणि तो त्यांच्यासमोर खोडून त्यांची सही घ्या. पुढच्या बाजूला मात्र स्वतः पेन लावू नका, एका अक्षरालाही. हल्ली चेकचा फोटोच क्लिअरिंगला जातो, आणि त्या पद्धतीत तारीख नव्यानं घालण्यापलीकडे कुठलीही खाडाखोड चालत नाही, देणाऱ्यानं शेजारी सही केली तरीसुद्धा.

यामुळेच 'बाई' खोडायच्या फंदात पडू नका. सातारा-कोल्हापूरकडे नावापुढं बाई लागते आणि कागदावर कधी येते कधी येत नाही, हे तिथल्या शाखांना पाठ आहे. बाकी नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव जुळत असेल तर अधिकारी सहसा अडवत नाही, पण चेक भरण्याआधी त्याला दाखवून विचारा. खरेदीखताची प्रत बरोबर न्या. त्यात चेकचा नंबर, रक्कम आणि आईचं नाव लिहिलेलं असतं, आणि त्यामुळे माणूस तोच आहे हे सिद्ध होतं. त्यानं नाहीच म्हटलं तर खरेदीदाराकडून पासबुकातल्या नावाचा नवा चेक घ्यायचा आणि जुना लेखी पोच घेऊन परत करायचा. (चेकवर माहेरचं नाव आणि खात्यावर सासरचं, असं असतं तर प्रकरण जास्त अवघड होतं. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र, असे कागद लागले असते. ज्या बहिणींच्या माहेरच्या जमिनीचा व्यवहार अजून व्हायचा आहे त्यांनी खरेदीखताच्या मसुद्यातच पासबुकाप्रमाणं नाव घालून घ्यावं, आणि सातबारावर दुसरं असेल तर 'उर्फ' लिहून दोन्ही.)

आता खात्याचं. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदारानं स्वतः काही व्यवहार केला नाही की बचत खातं निष्क्रिय धरलं जातं. लोकांना वाटतं ते बुडालं. तसं काही नसतं. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणं ते चालू करायला बँक एक पैसा घेऊ शकत नाही, त्या काळातल्या किमान शिलकेचा दंडही लावू शकत नाही, आणि केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख आणि पत्ता तपासणं, ते नव्यानं करण्याचं काम खातं असलेल्या शाखेतच व्हावं असंही नाही, कुठल्याही शाखेत होतं. आईला साताऱ्याला न्यायची गरज नाही. त्या बँकेच्या पुण्यातल्या शाखेत तुम्ही जा, मॅनेजरला आईची परिस्थिती सांगा, डिस्चार्ज कार्ड दाखवा, आणि घरी येऊन केवायसी करायची विनंती लेखी द्या. सत्तरीपुढच्या लोकांना घरपोच बँकसेवा द्यायला हवी, हे रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. काही बँका हे काम व्हिडिओ कॉलवरही करतात. आधार, पॅन आणि फोटो तयार ठेवा. पॅन नसेल तर त्याऐवजी ठरलेला फॉर्म भरता येतो, पण रक्कम मोठी आहे, तेव्हा पॅन काढूनच टाका. आधारवर गावचा पत्ता आहे म्हणून अडायचं कारण नाही. सध्याचा पत्ता आईनं स्वतः लिहून दिला की चालतो.

एक गोष्ट मात्र आठवणीनं विचारा. ते खातं पूर्ण केवायसीचं आहे की 'छोटं खातं'? पुरेशी कागदपत्रं नसताना उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. गावाकडं मोहिमा काढून उघडलेली अशी खाती खूप आहेत. चेक भरायचा, तो मर्यादेमुळं अडकायचा, आणि मग धावपळ. आधी केवायसी, नंतर चेक.

जुनं खातं फारच किचकट वाटलं तर तुमच्या जवळच्या बँकेत आईचं नवं बचत खातं उघडा. तेही घरी येऊन होईल. तुम्ही त्यात दुसऱ्या खातेदार म्हणून राहू शकता. चेक आईच्या नावाचा असला तरी आई खातेदार असलेल्या जॉइंट खात्यात तो जमा होतो. पण तुमच्या घरची हवा बघता मी आज तसं करणार नाही. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं लिहिलेलं खातं बँकेला पैसे कुणाला द्यायचे ते सांगतं. ते पैसे कुणाचे, हे सांगत नाही. भावाला नेमका तिथंच संशय येईल. खातं आईचं एकटीचं ठेवा आणि नॉमिनी म्हणून दोघा मुलांची नावं हिश्शांसकट घाला. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पूर्वी एकच नाव घालावं लागायचं, आणि त्या एका नावापायी भावंडांची तोंडं फिरलेली मी बघितली आहेत. फॉर्म भरताना भावाला फोनवर घ्या आणि आईलाच बोलू द्या.

आता पैसे काढायचे कसे. हात थरथरतो, सही जुळणार नाही. म्हणून कुणीतरी तुम्हाला कधीतरी हळूच सांगेल, 'आईची सही तुम्हीच करा, कोण बघतंय.' ताई, हे एक करू नका. आईची पूर्ण संमती असली तरी करू नका. दुसऱ्याची सही ठोकणं हा बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे, आणि आज प्रेमानं केलेली सही उद्या भावाच्या वकिलाच्या हातातला कागद होते. सरळ मार्ग आहे की. खातेदार आजारी असेल, सही करू शकत नसेल, तर अंगठा चालतो. तो बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यायचा, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. हाताचा अंगठाही उमटत नसेल तर पायाचा चालतो, इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी स्वतः बाजेवर झोपलेल्या माणसांच्या उशाशी बसून असे अंगठे घेतले आहेत. घरच्या लोकांना त्याचं फार अवघडल्यासारखं होतं, पण त्यात कमीपणा काही नाही. बँक घरी येते तेव्हा त्या माणसाला अजून आपलं मत विचारलं जातंय हे कळतं. आई अंथरुणावर आहे, पण डोकं शाबूत आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिला विचारू द्या.

त्याच भेटीत दोन कागद करून घ्या. एक, २ लाख १५ हजार तुमच्या खात्यात वळते करण्याचा अर्ज, आईच्या अंगठ्यानं. दवाखान्याची बिलं आणि तुम्ही पैसे भरल्याच्या पावत्या एका फायलीत लावा, आणि तिची एक प्रत भावाला पाठवा, त्यानं मागायच्या आधी. आईनं त्याहून जास्त द्यायचं ठरवलं तरी आईकडून मुलीला आलेली रक्कम मुलीचं करपात्र उत्पन्न धरली जात नाही. दुसरा कागद, खातं चालवायचा अधिकार तुम्हाला देणारं पत्र, ज्याला बँकेत मँडेट म्हणतात. म्हणजे दर औषधाला बँकेला घरी बोलवावं लागणार नाही. हे पत्र आईची बुद्धी जागी आहे तोवरच देता येतं आणि तोवरच चालतं, तेव्हा 'पुढं बघू' म्हणू नका.

भावाच्या सुचवणीबद्दल. पतसंस्थांशी माझं वैर नाही. गावात अडीअडचणीला त्याच उभ्या राहतात. पण हा चेक तिथं जाणार नाही. सहकारी पतसंस्थेच्या बँकखात्यात सभासदाच्या नावाचा अकाउंट पेयी चेक गोळा करायची सवलत आहे, ती फक्त ५० हजारांपर्यंतच्या चेकला. तुमचा ३ लाख ४० हजारांचा आहे. भावाला हे सांगा, म्हणजे तुम्ही मुद्दाम अडवताय असं त्याला वाटणार नाही. नंतर बँकेतून काढून पतसंस्थेत ठेव ठेवायची का, तो आईचा निर्णय. फक्त तिला एवढं सांगून मग विचारा की बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, आणि पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमा नाही. जादा एक-दीड टक्क्यासाठी आयुष्याची पुंजी अडकलेले म्हातारे मी बघितले आहेत. माझं मत विचाराल तर ही रक्कम तिथं ठेवू नका.

मामांचं मन चांगलं असेल, पण त्यांच्या खात्यातही हा चेक त्याच कारणानं जाणार नाही. आणि रोख तर नकोच. एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्यावर बसतो, जितकी रोख घेतली तितका. म्हणजे तुमच्यावर किंवा आईवर.

यजमानांचा मार्ग वरवर सोपा दिसतो, तुमच्या नावाचा नवा चेक. तो सगळ्यात घातक आहे. खरेदीखतात आई विक्रेती आहे आणि तिला अमुक नंबरच्या चेकनं अमुक रक्कम मिळाली असं नोंदलेलं आहे. पैसे तुमच्या खात्यात गेले, तर आईला तिच्या जमिनीचा मोबदला मिळाला नाही असा अर्थ निघू शकतो. भाऊ उद्या बोलेल, आणि कागद त्याच्या बाजूनं बोलतील. जमिनीच्या विक्रीवर कर लागतो की नाही, ते जमीन शहराच्या हद्दीपासून किती लांब आहे यावर ठरतं, आणि तो हिशोबही आईच्या नावावर व्हायचा आहे. खरेदीखताची प्रत घेऊन एकदा सीएला दाखवा. पैसा एका नावानं आणि हिशोब दुसऱ्या नावानं असं करून ठेवू नका.

आता घड्याळ. चेकची मुदत तीन महिन्यांची असते. १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिने झाली, तरी अजून कित्येक जण सहा महिने धरून बसतात. तुमचा चेक ९ जानेवारीचा, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत तो बँकेत सादर झाला पाहिजे. केवायसीला आठ-दहा दिवस धरा. मार्चच्या मध्याच्या पुढं जाऊ देऊ नका, कारण मार्चअखेर शाखांमध्ये कुणाला मान वर करायला वेळ नसतो आणि एप्रिलच्या पहिल्या दिवशी वार्षिक हिशोबासाठी व्यवहार बंद असतात. जमा व्हायला आता पूर्वीइतके दिवस लागत नाहीत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात आणि सहसा त्याच दिवशी निकाल कळतो.

चेक भरायच्या आदल्या दिवशी खरेदीदाराला फोन करा. मामांकडून करवला तर आणखी चांगलं. खात्यात रक्कम आहे ना, आणि त्याच्या बँकेत पॉझिटिव्ह पे आहे का, हे विचारा. ५० हजार आणि त्यावरच्या चेकची तारीख, नाव, रक्कम देणाऱ्यानं आपल्या बँकेला आधी कळवायची ही सोय आहे. काही बँका ती ५ लाखांपासून सक्तीची करतात. तुमच्या रकमेला सक्ती नसली तरी त्यानं कळवून ठेवलं तर अडायचं एक कारण कमी. आणि देव न करो, पण चेक शिल्लक नाही म्हणून परत आलाच, तर परतीचा मेमो जपून ठेवा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत आईच्या नावानं नोटीस गेली पाहिजे, आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. हा हक्क चेकवर जिचं नाव आहे तिचा, म्हणून चेक तिच्याच खात्यात भरलेला असणं तिथंही कामी येतं.

अशीच एक अडचण घेऊन बरीच पत्रं येतात, आणि त्यांचं उत्तर थोडं वेगळं आहे. चेक ज्यांच्या नावाचा ते माणूसच गेलेलं असतं. वडील गेल्यावर त्यांच्या नावाचा विम्याचा, भविष्यनिधीचा, डेअरीच्या बिलाचा चेक येतो. अशा वेळी जुन्या खात्यात गुपचूप भरून एटीएम कार्डानं पैसे काढू नका. बँकेला मृत्यू कळवा. येणाऱ्या रकमा 'कैलासवासी अमुक यांची इस्टेट' अशा नावाच्या खात्यात घेता येतात, त्यातून वारसांचा हक्क ठरेपर्यंत पैसे निघत नाहीत. नाहीतर बँक 'खातेदार मयत' असा शेरा मारून चेक पाठवणाऱ्याकडे परत करते. सहसा तेच बरं पडतं. ज्या कचेरीनं चेक काढला तिला मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं देऊन वारसांच्या नावाचा नवा चेक मागायचा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो बँकेकडून पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची.

तुमच्या घरी तसं नाही. आई समोर आहे, बोलते आहे, आणि तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय की तुझं आधी घे. तेच शब्द आता बँकेच्या अधिकाऱ्यासमोर, तिच्या अंगठ्यासकट कागदावर येऊ देत.

उद्या शाळेतून अर्धा दिवस रजा टाका. आधी तुमच्या बँकेत जाऊन शिक्क्याचं बघा, मग आईच्या बँकेच्या शाखेत केवायसीची विनंती द्या. तो माणूस पुन्हा तसंच बघेल अशी भीती वाटत असेल तर यजमानांना बरोबर न्या. आणि केवायसी झाल्यावर स्लिप भराल तेव्हा 'खातेदाराचे नाव' या रेघेवर आईचं नाव लिहा, आणि खाली 'पैसे भरणाऱ्याची सही' आहे तिथं, ताई, तुमची करा.